जवभर जास्त

नोरीन विकस्ट्रमचे लग्न झाले ते साल एकोणीसशे छप्पन्न. मित्रांनो, मीही त्याच सालची. मी एक जुनी पुंगळी आहे. चव्वेचाळीस मॅग्नम या नावाच्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पितळी पुंगळी. काडतूस म्हणजे पुढे शिशाची गोळी, आत बंदुकीची दारू, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आणि या सगळ्यांना पोटाशी धरून ठेवणारी मी. चाप ओढला की गोळी निघून जाते, दारू जळून जाते, टोपी पिचते. मागे उरते ती मी. म्हणून गोष्ट सांगण्याची पाळीही माझ्यावरच आली.

पूर्वेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. आधी मी पितळेची एक चपटी चकती होते. मला दाबले, तापवले, पुन्हा दाबले, ओढून ओढून उभे केले, आणि शेवटी माझ्या बुडावर अक्षरे ठोकली. स्वतःच्या बुडावर काय लिहिले आहे ते कुणाला दिसते? ती अक्षरे वाचायला मला पुष्कळ वर्षे लागली.

मला एक थोरली बहीण आहे. ती माझ्या कितीतरी आधीची. जाडीला ती माझ्याएवढीच, पण उंचीला जवाच्या दाण्याइतकी आखूड. स्वभावाने गरीब, मोजके बोलणारी. पण पश्चिमेच्या डोंगरांतल्या माणसांना तिची ताकद पुरेना. त्यांना अस्वलाच्या मुलखात राहायचे होते, आणि खेचरांच्या दोऱ्या हातात असताना बंदूक कुठे धरणार? कमरेलाच काहीतरी भक्कम हवे. म्हणून ते घरी बसून बहिणीच्या पोटात दारू ठासत. सोसेल तितकी, आणि मग त्याहून थोडी अधिक. कधी कधी रिव्हॉल्व्हरच फुटे. या लोकांनी वर्षानुवर्षे तगादा लावला, तेव्हा कुठे कारखानदारांनी एक दणकट रिव्हॉल्व्हर घडवले आणि त्याच्यासाठी मला घडवले.

आता नीट ऐका. मला त्यांनी मुद्दाम जवभर लांब केले. दारू जास्त मावावी म्हणून नव्हे, तेवढी तर बहिणीच्या पोटातही मावत होती. बहिणीसाठी बनवलेल्या जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरच्या चक्रात काडतुसांची जी घरे असतात, त्यांत मी शिरूच नये, म्हणून. कुणी चुकून घालायला गेलेच तर माझी मान बाहेर राहावी, चक्र फिरू नये, आणि त्या माणसाला कळावे की बाबा, ही तुझी नव्हे. माझ्या अंगातली सगळी ताकद एकीकडे आणि ते जवभर शहाणपण एकीकडे.

मला विकत घेतले आर्लो विकस्ट्रमने. मोंटानात, बिटररूट नदीच्या वरच्या अंगाला त्याचे घर, खेचरांचा तबेला आणि बारा खेचरे. शरद ऋतूत शिकाऱ्यांचे सामान खेचरांवर लादून तो त्यांना डोंगरात नेई. बायको लवकर गेली होती. घरात तो आणि त्याची एकुलती एक नोरीन. त्याच्या गालावर एक निळसर डाग होता. बहिणीच्या पोटात हावरटपणाने दारू ठासल्याची ती खूण.

नवे रिव्हॉल्व्हर आणि आमची पन्नासांची पेटी आली ती नेमकी लग्नाच्या सकाळी. मग काय, मुलीचा बापच हरवला. प्रार्थनामंदिराच्या मागच्या माळावर तो आणि त्याचा शेजारी गस पेटीबोन, दोघे कोट काढून उभे. समोर कुंपणाच्या खांबावर पीचच्या फोडींचा रिकामा डबा.

“आर्लो, लेका, आत पाद्री घामाघूम झालाय,” गस म्हणाला. “पोरीला हाताला धरून कोण नेणार? तुझी खेचरं?”

“एकच झाडतो.”

“मग दुसरी मला दे.”

गसने झाडली तेव्हा त्याची टोपी उडाली आणि तो दोन पावले मागे गेला. मनगट चोळत तो म्हणाला, “हे रिव्हॉल्व्हर नाही रे, खेचर आहे! फक्त लाथ पुढून मारतं.”

तेवढ्यात पांढऱ्या झग्याचा घोळ दोन्ही हातांनी उचलून धरत नोरीन आली. मग तिने झगा सोडला, हात पुढे केला आणि म्हणाली, “आण इकडं.”

त्या वेळी टोपीवर आपटणाऱ्या घोड्याखाली मी होते. माझ्या आयुष्यातली पहिली गोळी एका नवरीने झाडली. डबा खांबावरून उडून गवतात पडला.

“पोरी, हे तुला आंदण दिलं असतं बघ,” आर्लो म्हणाला. त्याची छाती फुगली होती.

“मला नको. हात बधिर झाला माझा. द्यायचंच तर आजोबांचं दे.”

“ते म्हातारं झालंय गं.”

“मग त्याला हलकंच खायला घाल.”

अशा रीतीने आजोबांचे जुने रिव्हॉल्व्हर नोरीनचे झाले. त्याला बहीण चाले, मी नाही. नोरीन सासरी म्हणून गेली ती ओढ्यापलीकडच्या घरात. नवरा वेन्डल लाकडाच्या कारखान्यात जाई, आणि ही रोज सकाळी बापाच्या तबेल्यात. खेचरांचे काम तिच्या रक्तातच होते.

मित्रांनो, आम्हां पुंगळ्यांना पुन्हा पुन्हा भरता येते. आर्लोच्या स्वयंपाकघरामागे एक चिंचोळी खोली होती, तिथे भरण्याचे बाक होते. थंडीत तिथे बसून आर्लो आम्हांला धुई, पुसे, नवी टोपी बसवी, दारू घाली, वर गोळी बसवी. त्या खोलीचे दोन नियम होते. पहिला असा की, दारू ओतताना दाराच्या मुठीला तांबडा रुमाल अडकवायचा. रुमाल दिसला की पाद्री आला तरी त्याने आत यायचे नाही, बोलायचे नाही, कारण बोलणाऱ्याचा हात चुकतो. दुसरा नियम त्याहून जुना होता. जो भरील, त्यानेच त्या खेपेतली पहिली गोळी झाडायची. दुसऱ्याच्या हातात देण्याआधी स्वतःचा हात पणाला लावायचा. आजोबांचा नियम तो. तो मोडलेला मी कधी पाहिला नाही.

माझी कामाची वर्षे चांगली गेली. लोक माझी स्तुती करीत, दुकानात माझ्या गप्पा निघत. प्रत्येकाच्या गप्पांत एक अस्वल असे, आणि दर वर्षी ते हातभर वाढे. मला मात्र आठवते ते वेगळेच. अठ्ठावन्न साली पाऊलवाटेच्या वळणावर बर्फाखालचा दगड सरकला आणि डचेस नावाची खेचरी ओझ्यासकट खाली गेली. दोन पाय मोडले होते. ती ओरडत नव्हती, नुसती बघत होती. नोरीनने तिला शिंगरू असल्यापासून वाढवले होते.

“तू वर थांब,” आर्लो म्हणाला. “मी करतो.”

“माझी होती ती, बाबा. तुझं रिव्हॉल्व्हर दे. आजोबांचं कमी पडायचं.”

ती खाली उतरली. डचेसच्या कपाळावरचे केस तिने बाजूला केले, तिच्याशी काहीतरी बोलली, आणि मग माझे काम झाले. डचेसला काही कळलेही नाही. मला एवढी ताकद कशासाठी दिली असेल, याचे उत्तर मला गप्पांतल्या अस्वलांपेक्षा त्या उतारावर अधिक समजले.

नऊ-दहा वेळा भरून झाल्यावर माझ्या तोंडाच्या कडेला केसासारखी चीर गेली. शहरातल्या माणसाने मला फेकून दिले असते. पण डोंगरातली माणसे दोरीचा तुकडासुद्धा फेकत नाहीत. आर्लोने एक युक्ती काढली. चीर फक्त कडेलाच आहे ना? मग कड कापून टाकायची. जवभर कापले की मॅग्नमची बहीण होते, आणि बहिणी तर नोरीनच्या रिव्हॉल्व्हरसाठी हव्याच होत्या. हाताने फिरवायच्या लहानशा कातरयंत्रात त्याने माझ्यासारख्या वीसजणींना धरले आणि एकेकीचा तो जवभर भाग उतरवला. बाकावर पितळेच्या वीस बारीक अंगठ्या पडल्या.

“बाबा, यांच्या बुडावर तर अजून मॅग्नमच लिहिलंय,” नोरीन म्हणाली.

“लिहिलेलं कुठं वाचतं रिव्हॉल्व्हर?”

“रिव्हॉल्व्हर नाही. तू वाचशील ना.” तिने घरून नखांचा लाल रंग आणला आणि आमच्या प्रत्येकीच्या बुडाला एकेक ठिपका दिला. लाल ठिपका म्हणजे आखूड, लाल ठिपका म्हणजे दारूची हलकी मात्रा.

दोनतीन वर्षे नीट गेली. पण दर खेपेला आम्हांला घासून पुसून लख्ख करीत, आणि दर खेपेला तो ठिपका थोडा थोडा जाई. आर्लोच्या डोळ्यांचेही तसेच चालले होते, फक्त ते त्याने कुणाला सांगितले नव्हते. सुईत दोरा ओवायचा झाला की तो म्हणे, “नोरीन, तुझे हात मोकळे आहेत का?” जसे काही त्याचे मोकळे नव्हते.

सहासष्टचा सप्टेंबर होता. शिकाऱ्यांची पहिली तुकडी दोन दिवसांवर आली होती. आर्लोने आधी मोठ्या रिव्हॉल्व्हरसाठी लांब पुंगळ्या भरल्या, जड मात्रेच्या. मग दारू मोजायचे माप बदलायचे आणि आम्हां आखूडांना हलकी मात्रा घालायची, असा क्रम. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून सारखे पाणी येत होते. ते पुसायला त्याने तांबडा रुमाल खिशात ठेवला होता, आणि म्हणून तो दाराला नव्हता.

मुठीला रुमाल नाही, म्हणून गस सरळ आत आला. “आर्लो, बायकोनं हकलबेरी भरून गोड पाय भाजून दिलाय. गरम आहे. आणि तुझं ते करडं खेचर माझ्या ओटच्या शेतात उभं आहे. कुंपण तुझं मोडलं की माझं, ते नंतर भांडू.”

आर्लो उठला, खेचर आणायला गेला, परत आला, पायचा एक घास खाल्ला आणि बाकावर बसला. माप बदलायचे राहून गेले. त्याने तराजूवर एक मात्रा तोलली खरी. पण दांडीवरच्या रेघा त्याला दिसल्या नाहीत, जे दिसायला हवे तेच त्याने पाहिले. आमच्या पोटात दारू पार वरपर्यंत आली. मला वाटले, आता बघेल. पूर्वीच्या आर्लोने लगेच टिपले असते. त्याने वर गोळी बसवली आणि दाबली.

मला जीभ असती तर मी ओरडले असते. आणि जीभ नव्हती तरी एक उपाय कधीकाळी माझ्या अंगात होता. मी आखडले असते, मान बाहेर काढून राहिले असते, चक्र फिरू दिले नसते. तो जवभर उपाय तर कातरयंत्राखाली गेला होता. मी जुन्या रिव्हॉल्व्हरच्या घरात अलगद शिरले. माझ्या शेजारच्या घरात माझीच एक सोबतीण होती, आणि घोडा तिच्यावर होता.

दुसऱ्या सकाळी तबेल्यामागे आर्लो झाडायला उभा राहिला. नोरीन नेहमी त्याच्या उजव्या हाताला उभी राहत असे. त्या दिवशी एका खेचराचा पट्टा ढिला होता, म्हणून ती मागे थांबून तो आवळत होती. “तू कर सुरू, मी आलेच,” ती म्हणाली.

आवाज वेगळाच झाला. चक्राची तीन घरे उघडली, चक्रावरची लोखंडी पट्टी वाकून उभी राहिली. आर्लोच्या अंगठ्याचे एक पेर गेले आणि भुवई फाटली. मी खडीत जाऊन पडले. एका कुशीवर चेपले होते, पण गोळी, दारू, टोपी सगळे अजून माझ्याजवळच होते. चक्राचा अर्धा तुकडा उजवीकडे उडून तबेल्याच्या फळीत रुतला. नोरीनने नंतर तिथे उभे राहून पाहिले. तो तिच्या कानाच्या उंचीवर होता.

डॉक्टरांनी टाके घातले. संध्याकाळी गस येऊन बसला.

“लोखंडसुद्धा म्हातारं होतं, आर्लो. तुझ्यामाझ्यासारखं.”

“तेच म्हणतो मी. थकलं होतं ते.”

“तूच म्हणाला होतास, लग्नाच्या दिवशी.”

“म्हणालो होतो ना!” आर्लोला बरे वाटले. मग तो नोरीनकडे वळला. “पोरी, वसंतात तुला नवं घेऊ. हलकं. मीच भरून देईन.”

खडीतून उचलून नोरीनने मला कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकले होते आणि डबा बाकावरच्या फळीवर ठेवला होता.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब हिवाळा. कुणी मला हात लावला नाही, कुणी माझे नाव काढले नाही. खरी गोष्ट माझ्या पोटात होती आणि माझे तोंड शिशाने बंद होते. लोखंडावर आळ आला होता. लोखंड बिचारे काय बोलणार? आणि आळ तसाच राहिला तर वसंतात आर्लो पुन्हा त्याच बाकावर बसणार, त्याच डोळ्यांनी तराजू पाहणार, आणि ती काडतुसे कमरेला लावून नोरीन डोंगरात जाणार. पहिली तो झाडील. पण एका खेपेत पन्नास असतात, आणि चूक पहिल्याच गोळीत असते असे थोडेच आहे?

एप्रिलमध्ये एका सकाळी आर्लोने तांबडा रुमाल दाराला अडकवला आणि नोरीनला आत बोलावले.

“ते डब्यातलं काढ.”

“कोणतं?”

“तुला माहितेय कोणतं. हिवाळाभर तू त्या डब्याकडं बघतेयस, आणि मी तुझ्याकडं.”

तिने मला काढले. आर्लोने मला हातात घेतले. उरलेल्या बोटांनी माझी चेपलेली कूस चाचपली. मग चिमट्याच्या यंत्रात धरून, हळूहळू, त्याने माझी गोळी उपटली. माझ्या पोटातली सगळी दारू त्याने तराजूच्या पारड्यात ओतली. एक कणही सांडला नाही. हात अजून तसेच होते त्याचे.

“वाच,” तो म्हणाला.

“तू वाच ना, बाबा.”

“मला रेघा दिसत नाहीत.” तो खिडकीकडे बघत होता. “दोन वर्षं झाली.”

नोरीन तराजूवर वाकली. तिने सरकते वजन एकदा सरकवले, पुन्हा सरकवले. मित्रांनो, त्या वेळी ती काहीही सांगू शकली असती. ‘बरोबर आहे’ एवढे दोनच शब्द. म्हाताऱ्याचा मान राहिला असता, आणि तो पडताळून थोडाच पाहणार होता? तिच्या ओठांवर ते दोन शब्द आलेले मला दिसले. मग तिने ते गिळले.

“ही लांब पुंगळीची मात्रा आहे, बाबा.”

“नीट बघ.”

“दोनदा बघितलं.”

आर्लोने बोटाच्या टोकाने पारड्यातली दारू चाचपली.

मग तो म्हणाला, “म्हणजे माझ्या बापाचं लोखंड ठणठणीत होतं तर. गसला सांग, त्या लोखंडाची माफी माग म्हणावं. मी मागतोच आहे.” त्याने फाटून जुळलेल्या भुवईवर हात फिरवला. “तू उजवीकडं उभी असतीस तर, पोरी...”

“नव्हते ना.”

“असतीस तर.” तो उठला, खुर्ची मागे सरकवली आणि तिच्यापुढे केली. “बस इथं. आजपासून तू भर. पहिली मी झाडतो.”

“अहं. जो भरील तो पहिली झाडील. नियम मोडायचा नाही.”

“मग मी काय करू? खेचरांना गाणी म्हणून दाखवू?”

“तुझी गाणी ऐकून ती पळून जातील. तू दाराबाहेर बस. आणि गसला आत येऊ देऊ नकोस.”

आर्लो हसला, रडला असेही म्हणता येईल, त्याच्या डोळ्यांतून तसेही पाणी येतच असे. कॉफीचा पेला घेऊन तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात, नोरीन दारू ओतायला बसली की तो पायरीवर बसे. तांबडा रुमाल मुठीला असे, तरीही तो बसे. गस आला की म्हणे, “हळू. माझी पोर काम करतेय.” मग दोघे म्हातारे कुजबुजत भांडत.

कापलेल्या बाकीच्या सगळ्या पुंगळ्या नोरीनने भंगारात दिल्या. मला मात्र ठेवले. बाकाच्या वर, भिंतीच्या पट्टीवर, एका न कापलेल्या पुंगळीशेजारी तिने मला उभे केले. त्या बाकावर शिकायला जो कुणी आला, त्याला ती आधी आम्हां दोघींच्या बुडावरची अक्षरे वाचायला लावी. दोघींवर तेच लिहिलेले. मग ती आम्हांला उभे करी आणि विचारी, “आता काय फरक दिसतो?” अक्षरे खरी होती, अंग बदलले होते. तेव्हा कुठे मलाही माझी अक्षरे वाचता आली.

आता मी काळवंडले आहे. तयार काडतुसे दुकानात मिळतात, त्या बाकावर कुणी बसत नाही. तक्रार नाही माझी. मित्रांनो, एवढेच मागते. एखाद्या वस्तूत, एखाद्या नियमात, एखाद्या माणसाच्या बोलण्यात जवभर काहीतरी जास्तीचे दिसले, तर ते फुकटचे समजून कापून टाकू नका. आधी विचारा की ते कुणाच्या हातासाठी ठेवले आहे. आणि ज्या दिवशी रेघा दिसेनाशा होतील, त्या दिवशी कुणाला तरी सांगा. दोन वर्षे थांबू नका.

गस पेटीबोन एकाहत्तर साली जानेवारीत वारला. आर्लो विकस्ट्रम चौऱ्याहत्तर साली मार्चमध्ये, आपल्या घरी, दुपारी वारला. नोरीन दोन हजार तीन साली ऑक्टोबरमध्ये गेली. तिच्या हातांची दहाही बोटे शाबूत होती.